पिशवी काढायची म्हणताय? आधी एवढं वाचा



गटाचं कर्जवाटपाचं रजिस्टर कधी निवांत चाळून बघा. शेळी, शिलाई मशीन, मुलीच्या कॉलेजची फी, घराचे पत्रे, आणि मधेमधे एक शब्द येतो, 'दवाखाना'. कसला दवाखाना ते रजिस्टरात कुणी लिहीत नाही, पण बैठकीला बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पस्तिशी-चाळिशीतल्या बाईच्या नावापुढे 'दवाखाना' असेल आणि रक्कम तीस हजाराच्या घरात असेल, तर मी न विचारताच ओळखते. पिशवीचं ऑपरेशन.

मागच्या पावसाळ्यात माण-खटावच्या बाजूला एका गटाच्या बैठकीला गेले होते. एका ताईचा तीस हजाराचा अर्ज होता. वय अडतीस. विचारलं, कशासाठी? म्हणाली, "पिशवी काढायची हाय." कोण म्हणालं? "डॉक्टरच म्हणालं. पिशवीच्या तोंडाला सूज हाय म्हणं. ठिवली तर कॅन्सर व्हईल." तिला त्रास काय होता? पांढरं जात होतं, कंबर दुखत होती, पाळीत अंगावरनं जास्त जायचं. मी पुढचं काही विचारायच्या आत शेजारची म्हणाली, "आता काय पोरंबाळं व्हायची हायती का? काढून मोकळी हो बाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी अकरा जणी हजर होत्या. त्यातल्या चौघींची पिशवी आधीच निघालेली होती.

तीस हजारावर शेकडा दोन व्याज म्हणजे महिन्याला सहाशे रुपये, मुद्दल वेगळं. शेळीसाठी कर्ज मागितलं असतं तर आपण दहा प्रश्न विचारले असते. शेळी कुठली आणणार, चारा आहे का, विमा काढणार का? बाईच्या शरीरातला एक अवयव कायमचा काढायचा म्हटल्यावर मात्र एकीनंही प्रश्न विचारला नाही. मला तेच खटकलं, म्हणून हा लेख.

त्या ताईचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी जरा मागे जाऊ.

बीडमध्ये काय झालं होतं

दिवाळीच्या आसपास आपल्याकडे कराड, वाळवा, पलूस भागात उसाच्या फडाजवळ खोप्या पडतात. बीडकडची माणसं येतात, आपल्याच जतचीही असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखलं म्हणून बसता येत नाही. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, कापड वाळवायला आडोसा नाही. अशात जंतुसंसर्ग झाला, पांढरं पाणी जाऊ लागलं, की दवाखान्यात ऐकायला मिळायचं, पिशवी काढून टाका. बाईलाही वाटायचं, बरंच झालं, दर महिन्याची कटकट गेली.

२०१९ साली याचा बोभाटा झाला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळजणींची चाळिशीही झाली नव्हती. त्यानंतर त्या जिल्ह्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घातली गेली.

हे फक्त बीडचं दुखणं नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरून सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. ५ एप्रिल २०२३ ला न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं, की केंद्र सरकारनं आखलेले नियम लागू करा आणि विनाकारण होणाऱ्या अशा ऑपरेशनांवर देखरेख ठेवा. म्हणजे तुम्ही उद्या डॉक्टरांना "हे ऑपरेशन खरंच लागतंय का?" असं विचारलंत, तर तो आगाऊपणा नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानंही तेच विचारलंय.

आणि आपण तर फडात राहत नाही. आपल्याला घर आहे, बहुतेकींच्या घरी संडास आहे, गट आहे. तरी आपल्या बैठकीत अकरातल्या चार का निघाव्यात?

मला वाटतं याचं मूळ 'काम झालं' या समजात आहे. आपल्याकडे अठरा-एकोणिसाव्या वर्षी लग्न, पंचविशीच्या आत दोन-तीन मुलं आणि लगेच मुलं बंद करायचं ऑपरेशन. तिथून पुढे पिशवी म्हणजे रिकामं पोतं, ठेवून उपयोग काय, असं सगळे धरून चालतात. सासूही, नवराही, आणि आपण स्वतःसुद्धा. (मुलं बंद करायचं ऑपरेशन वेगळं. त्यात फक्त नळ्या बांधतात, पिशवी जागेवरच असते. काही सख्या दोन्हींची गल्लत करतात, म्हणून सांगितलं.)

पांढरं पाणी, सूज आणि कॅन्सरची भीती

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रियांचा कुठला ना कुठला आजार होता. त्याआधी कधी आतून तपासून घेतलेल्या बायका मात्र शंभरात फक्त आठ. बाकीच्या अंगावर काढत होत्या. राणीताईंनी पुढे बायकांच्या तोंडून ऐकलेलं 'कानोसा' या पुस्तकात लिहिलं, मिळालं तर गटात वाचा.

यातनं आपण घ्यायचं ते असं. पांढरं पाणी हा इतका सर्रास त्रास आहे, की त्यासाठी पिशव्या काढायच्या म्हटलं तर गावात एक पिशवी शिल्लक राहायची नाही. थोडं, बिनवासाचं, पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारं पाणी हे शरीराचं रोजचं काम आहे. खाज, घाण वास, हिरवट-पिवळा रंग, दह्यासारखे गोळे, ओटीपोटात दुखणं असेल तर तो जंतुसंसर्ग. तो बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. काही प्रकारांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर तिला बरं होतं आणि पुन्हा महिन्याभरात तेच. नवरे इथं अडतात. "मला काय झालंय?" म्हणतात. डॉक्टर किंवा सिस्टरकडूनच त्यांना सांगायला लावा.

आता 'पिशवीच्या तोंडाला सूज' किंवा 'जखम'. तपासताना पिशवीच्या तोंडाशी लालसर दिसणं हे पुष्कळ बायकांत आढळतं आणि बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ते कॅन्सरचं आहे की नाही हे डोळ्यांनी बघून छातीठोक सांगता येत नाही, त्यासाठी तपासणी लागते. आणि ती तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातली आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचं पाणी, लावतात. मिनिटभरात पांढरा डाग उठला तर पुढं पाठवतात, नाही उठला तर घरी. तिशीच्या पुढच्या बाईनं दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी असा सरकारी कार्यक्रमच आहे, तोंडाच्या आणि स्तनाच्या तपासणीबरोबर.

तपासणीनं खरंच जीव वाचतो का? वाचतो, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारच्या मराठवाड्यातल्या बायकांनीच जगाला दिलाय. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका एका मोठ्या अभ्यासात होत्या. टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव गेली. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत पिशवीच्या तोंडाची विषाणूसाठीची तपासणी, एचपीव्ही टेस्ट, आयुष्यात फक्त एकदा केली होती, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या तपासणीनं! तेव्हा 'कॅन्सर होईल' असं कुणी म्हटलं तर आपला पहिला प्रश्न असा, की मग माझी तपासणी केली का, आणि रिपोर्ट कुठाय?

त्या खटावच्या ताईची हीच तपासणी राहिली होती. मी आणि गटाच्या अध्यक्षा तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. दिवस मोडला, रांगेत पाय दुखले, खोटं कशाला सांगू. निघालं ते असं: कॅन्सरचं काही नाही, जंतुसंसर्ग आहे, आणि रक्त सात पॉइंट आठ. रक्त इतकं कमी म्हटल्यावर कंबर धरणार नाही तर काय! नवरा-बायको दोघांना गोळ्या, तिला लोहाच्या गोळ्या, पाळीत जास्त जातं त्यावर वेगळं औषध. पांढरं थांबलं. पाळीचा त्रास पूर्ण गेलेला नाही, कंबर अजून अधूनमधून दुखते. पण पिशवी जागेवर आहे आणि डोक्यावर कर्ज नाही.

काढावी लागते ती कधी

आता कुणी असं समजू नका, की ऑपरेशन वाईटच. दुसरी बाजू सांगितली नाही तर माझ्या हातनं पाप होईल.

तासगावकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारी एक आक्का होती, वय अठ्ठावन्न. पाळी जाऊन सात वर्षं झालेली. एक दिवस अंगावर डाग दिसला. तिनं कुणाला सांगितलं नाही. मैत्रिणींत चेष्टेत बोलली, "मी परत तरणी झाले गं." सगळ्या हसल्या. सहा महिने असंच अधूनमधून जात राहिलं. शेवटी सुनेनं चादर धुताना बघितलं आणि ओढत दवाखान्यात नेलं. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला. पिशवी काढली म्हणून आज ती नातवाला शाळेत सोडायला जाते.

पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झाल्यावर अंगावरून रक्ताचा एक थेंब जरी गेला तरी डॉक्टरकडे जायचं. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण हसण्यावारी न्यायचं नाही. तसंच नवरा जवळ आल्यावर रक्त जात असेल, घाण वासाचं पाणी जात असेल, तर थांबायचं नाही.

कॅन्सरखेरीज आणखी काही वेळा पिशवी काढावी लागते. मोठ्या गाठी असून रक्तस्राव औषधांनी आटोक्यातच येत नसेल, पिशवी फार खाली उतरून बाहेर येत असेल, बाळंतपणात जीवावर बेतणारा रक्तस्राव थांबत नसेल. पण यातही गाठ आहे म्हणजे काढलीच पाहिजे असं नाही. लहान, त्रास न देणाऱ्या गाठी पुष्कळ बायकांत असतात आणि पाळी गेल्यावर त्या बहुधा आकसतात. ज्या बाईची पाळी वर्ष-दोन वर्षांत जायचीच आहे, तिला औषधांवर ते दिवस काढता येतील का हे विचारायला हवं. जास्त रक्त जाण्यावर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची औषधाची तांबीसारखी वस्तू आहे, ती काही वर्षं काम करते. 'अंग बाहेर येतंय' अशा सखीला सुरुवातीच्या काळात व्यायामानं फरक पडतो, आत बसवायची रिंग मिळते. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला असेल तर त्यावर इलाज केला नाही तर कुठलाच उपाय टिकत नाही. डोक्यावर दोन-दोन हंडे घेणं तर बंदच.

व्यायाम सोपा आहे. लघवी मधेच अडवताना जे स्नायू आपण आवळतो तेच आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र करायचा नाही. भाकरी थापताना, एसटीत बसल्या बसल्या, बैठकीत हिशोब चाललेला असताना केला तरी कुणाला कळत नाही. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात त्यांनाही यानं आराम पडतो, फक्त दोन-तीन महिने नेटानं करावा लागतो. थेंब जातात म्हणून पाणीच प्यायचं नाही, असं पुष्कळजणी करतात. त्यानं लघवीची आग आणि जंतुसंसर्ग वाढतो.

पिशवीबरोबर आणखी काय जातं

पिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशय असतात. बदामाएवढे. मुलं बंद झाली तरी त्यांचं काम चालू असतं. इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक ते रक्तात सोडत असतात, आणि त्यावर आपली हाडं, हृदय, झोप, कातडी, मायांगाचा ओलावा असं बरंच काही चालतं. वय वाढेल तसं हे काम हळूहळू मंदावतं. आपल्या देशात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं पाळी पुढे-मागे होते, शरीर सावकाश सवय करून घेतं.

ऑपरेशनात पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर जे चार-पाच वर्षांत व्हायचं ते एका रात्रीत होतं. पस्तिशीतली बाई एकदम पन्नाशीत जाऊन पडते. अंगाची आग, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयाचा धोका. नुसती पिशवी काढून अंडाशय ठेवले तरी ते काहीजणींत नेहमीपेक्षा थोडे लवकर थकतात.

म्हणून ऑपरेशन ठरलंच, तर डॉक्टरांना विचारायचं: माझे अंडाशय ठेवणार का? काढणार असाल तर का? काढल्यावर मला कुठलं औषध द्याल, किती वर्षं? काढलेली पिशवी तपासायला पाठवणार का? आणि त्याही आधी: मला नेमका आजार काय आहे, त्याचं नाव कागदावर लिहून द्या. सोनोग्राफीत गाठ किती सेंटिमीटरची दिसली? औषधावर तीन-चार महिने काढले तर काय बिघडेल? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी चिडत नाही. जो म्हणतो "उद्याच भरती व्हा, नाहीतर माझी जबाबदारी नाही", आणि रक्तही वाहत नाहीये, तिथनं सरळ उठावं. चप्पल घालावी आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीकरांना सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मिरजेला तर डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून लांबलांबची माणसं इलाजाला येतात, आपल्याला एसटीनं जायला काय होतंय! जाताना जुने सगळे कागद न्या. आणि एकटी जाऊ नका. डॉक्टर बोलतात त्यातलं निम्मं आपल्याला भीतीनं ऐकूच येत नाही, दुसरी कुणी असली की तिच्या लक्षात राहतं.

घरबसल्या साधा सल्ला हवा असेल तर १०४ नंबरवर फोन लागतो.

पाळी जातानाचे दिवस आणि घर

ज्यांची पाळी आपसूक जाते त्यांनाही हा काळ सोपा नसतो. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती गेली असं धरायचं. तोवर दिवस राहू शकतात. पंचेचाळिसाव्या वर्षी, सून घरात असताना दिवस गेले आणि लाजेनं अर्धमेली झालेली सखी मी बघितली आहे. मुलं बंद केलेली नसतील तर काळजी घ्या.

या काळात एकाएकी तोंडावरनं, छातीवरनं आगीची लाट गेल्यासारखी होते, घाम फुटतो, मग थंडी वाजते. रात्री दोनला जाग येते ती येतेच. कारण नसताना रडू येतं, कारण नसताना राग येतो. माझं स्वतःचं सांगते. त्या दोन वर्षांत मी सुनेला जे जे बोलले ते आठवलं की अजून मान खाली जाते. भाजीत मीठ जास्त पडलं एवढ्यावरून मी ताट सरकवलेलं आहे. ती बिचारी माहेरी सांगायची, सासू चांगली होती, आता अंगात आल्यासारखं करते. आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं, की हे शरीरातनं येतंय. तुमच्या घरात सासू या वयात असेल तर तिला हा लेख वाचून दाखवा. सासू तुम्हीच असाल, तर सुनेला एकदा स्पष्ट सांगा, "मला सध्या असं असं होतंय." बाई, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

सुती लुगडं, उशाशी पाण्याचा तांब्या, दुपारनंतर चहा बंद, संध्याकाळी अर्धा तास चालणं, एवढ्यानं बऱ्याचजणींचं भागतं. लाटांनी झोपच लागत नसेल तर त्यावर डॉक्टरांकडे औषधं आहेत, सोसत बसायची गरज नाही. आणि उदासपणा पंधरा दिवसांहून जास्त टिकला, जगण्यात मन लागेना, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही.

आता नवऱ्याबद्दल. हे बैठकीत कुणी बोलत नाही, चहा झाल्यावर एकेकटी येऊन विचारते. पाळी गेल्यावर आतला ओलावा कमी होतो, त्यामुळे संबंध दुखतात. बाई टाळते. नातवंडाला कुशीत घेऊन माजघरात झोपायला लागते. नवऱ्याला वाटतं हिला आपण नकोसे झालो. कुणी दारूकडे वळतो, कुणी संशय घेतो, आणि पिशवी काढली असेल तर काहीजण सरळ म्हणतात, "आता तुझ्यात काय राहिलंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की लिहिताना सुद्धा राग येतो. पिशवी काढल्यानं बाई बाई राहत नाही, हे साफ खोटं आहे. संबंधात सुख वाटणं पिशवीवर अवलंबून नसतं. जखम भरायला दीड-दोन महिने द्यावे लागतात, डॉक्टर हो म्हणाले की काही अडचण नाही.

दुखण्यावर उपाय साधे आहेत. स्वच्छ खोबरेल चालतं (निरोध वापरत असाल तर तेल नको, रबर फाटतं). त्यानं भागलं नाही तर डॉक्टर आतून लावायचं मलम देतात. आणि ज्यांना या वयात नकोच वाटतं, त्यांनी नको म्हणणं हाही त्यांचा हक्क आहे. फक्त ते तोंडानं सांगा. न सांगता माजघरात झोपायला गेलात, तर नवरा त्याचा त्याचा अर्थ काढतो.

हाडांचं थोडक्यात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर झिजतात. न्हाणीत पाय घसरला आणि मनगट मोडलं, हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. जावळी, पाटणच्या डोंगरातली नाचणी आपल्याच जिल्ह्यातली, शंभर ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. पोरांनी तिच्याकडे पाठ फिरवली म्हणून आपण कशाला फिरवायची? तीळ, ताक, पालेभाजी, अंगावर ऊन. उन्हाची आपल्याला कमतरता नाही, पण शेतावर डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेतलं की ते लागत नाही. आणि मिश्री सोडा. मिश्री म्हणजे तंबाखूच, तोंडाच्या कॅन्सरला तिनंच निमंत्रण जातं. हे सांगितलं की सगळ्या माझ्याकडे बघून हसतात, कारण मीही पस्तीस वर्षं लावत होते.

आता ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांच्यासाठी. पश्चात्ताप करत बसू नका, पण एक काम करा. ट्रंकेतली दवाखान्याची फाईल बाहेर काढा. त्यात डिस्चार्ज कार्ड असतं. पिशवी एकटीच काढली की अंडाशयही काढले, ते त्यात लिहिलेलं असतं. फाईल मिळाली नसेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथं लेखी अर्ज करा. कागद जपून ठेवलेले असतील तर अर्ज दिल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

त्या खटावच्या गटात आम्ही हेच केलं. पुढच्या बैठकीला चौघींनी फायली आणल्या, आरोग्य केंद्राच्या सिस्टरला बसवलं आणि एकेक कार्ड वाचलं. दोघींचे दोन्ही अंडाशय काढलेले होते. त्यातल्या एकीचं ऑपरेशन झालं तेव्हा वय होतं एकतीस. तिला आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं. आठ वर्षं ती अंगाच्या आगीसाठी देवऋषी करत होती. सिस्टरनं तिला हाडांची तपासणी आणि औषधासाठी चिठ्ठी दिली. अध्यक्षांनी प्रवासाचे दोनशे रुपये गटातनं मंजूर केले आणि रजिस्टरात लिहिलं, 'दवाखाना'. मग थोडं थांबून पुढं कंसात लिहिलं, 'हाडांची तपासणी'.

तुमच्या गटात फायली वाचायची बैठक घ्यायची असेल तर आरोग्य केंद्राच्या सिस्टरला किंवा आशाताईला आठ दिवस आधी सांगून ठेवा, म्हणजे लसीकरणाचा वार सोडून त्या वेळ देतात.